माँ ब्लाँ : पाय भक्कम असले तरी…

फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचे माँ ब्लाँ हे आल्प्समधले सर्वांत उंच शिखर. उंची ४,८०० मीटरहून थोडी अधिक. ८ ऑगस्ट १७८६ रोजी त्यावर पहिल्यांदा दोन माणसे पोचली. एक झाक बाल्मा, दुसरा पायथ्याच्या शमोनी गावचा डॉक्टर मिशेल पाकार. पुढच्याच वर्षी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर वर गेले आणि त्यांनी तिथे नाडी मोजली. शमोनीत ७२ असलेली त्यांची नाडी शिखरावर विश्रांती घेऊनही १०० भरली.

असे का होते? हवेत ऑक्सिजनचा वाटा वरही २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम अधिक उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. ही तूट भरून काढायला हृदय आणि श्वास दोन्ही वेग घेतात. काही दिवस दिले, तर शरीर याच्याशी जुळवून घेते. शमोनी १,०३५ मीटरवर आहे आणि तिथून केबल कार काही मिनिटांत ३,७७७ मीटरवर नेते. शरीराला मात्र इतका झटपट बदल झेपत नाही.

आपल्याकडचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. दर रविवारी गड चढणाऱ्यांचे पाय भक्कम होतात, दमही वाढतो. विरळ हवेची सवय मात्र त्याने लागत नाही. उलट धडधाकट माणूस भराभर वर जातो आणि त्रासात सापडतो. विमानाने थेट ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

उंचावर डोके दुखू लागले, मळमळले, झोप उडाली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नका. आहात तिथेच थांबा. त्रास पूर्ण जाईपर्यंत वर चढू नका. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे म्हणजे फुप्फुसात पाणी साचत आहे. झोक जाणे, बोलणे असंबद्ध होणे म्हणजे मेंदूला सूज आहे. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला ताबडतोब खाली आणा. ऑक्सिजन, औषधे जरूर द्या, पण त्यांच्या भरवशावर वर थांबू नका.

३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. प्रतिबंधक गोळी मिळते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आधी तपासणी करावी. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. केवळ वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसाच्याही प्लीहेला उंचावर इजा होऊ शकते. त्यामुळे घरात कुणाला सिकलसेल असेल, तर तिकीट काढण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या.