ब्लड कॅन्सरचे उपचार सुरू असलेल्या मुलाला ताप आला तर

मुलाला अक्यूट ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे, केमोथेरपी सुरू आहे आणि रात्री अंग गरम लागतंय. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणू नका. इतर मुलांचा ताप एखादा दिवस घरी पाहता येतो, या मुलाचा नाही.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत त्या खूप कमी होतात. त्यांची संख्या ५०० च्या खाली असताना संसर्ग झाला, तर काही तासांत तो रक्तात पसरून बीपी घसरू शकतो. पू, सूज, लाली या खुणाही याच पेशींमुळे दिसतात. त्यामुळे मूल वरवर ठीक वाटतं आणि ताप ही एकच खूण उरते. स्टिरॉइड चालू असेल तर तीही दबते. म्हणून ताप नसला, तरी हुडहुडी भरली, हातपाय गार पडले किंवा मूल मलूल झालं तर निघाच.

काखेत थर्मामीटर लावा, गुदद्वारात नको. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतो का पाहू’ असं करू नका. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणि कमरेतलं इंजेक्शन टाळा, रक्तस्राव होऊ शकतो. आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातही वेळ घालवू नका. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’ पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

उपचार मुंबईत आणि घर गावी, असं बऱ्याच कुटुंबांचं असतं. मग मुंबई गाठण्यात रात्र घालवू नका. पहिला डोस जवळच्या मोठ्या रुग्णालयात घ्या. कोणतं अँटिबायोटिक द्यायचं, हे डिस्चार्जच्या वेळीच फाइलवर लिहून मागा.

ताप नसतानाही तातडीने न्यावं अशी काही लक्षणं आहेत. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, काळी शी, अंगावर अचानक उठलेले लाल-जांभळे ठिपके हे प्लेटलेट कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. जोराची डोकेदुखी, उलट्या, झटका किंवा गुंगी आली तर मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी लागते. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर छातीतली गाठ श्वासनळी दाबत असू शकते. मुलाला बसवूनच न्या. उपचाराच्या पहिल्या काही दिवसांत कॅन्सरच्या पेशी एकदम फुटून पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. म्हणून तेव्हा सलाईन चालतं आणि लघवी मोजतात. ती कमी झाली तर नर्सला लगेच सांगा.