दात पडतो, मग हाडही झिजतं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला औद्योगिक वसाहत आली, पण शेतात असो की शिफ्टमध्ये, पुरुषांच्या खिशातली तंबाखूची पुडी काही हलली नाही. चुना मळून बार भरला, की तो खालच्या ओठात रोज त्याच जागी बसतो. नेमकी तिथलीच हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. बिडी ओढणाऱ्याचं प्रकरण आणखी फसवं. निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतून हाड पोखरलं जात असलं तरी ब्रशला रक्त फारसं लागत नाही. दुखत नाही म्हणून गडी निर्धास्त. दात हलायला लागला, की मग दवाखाना आठवतो. (तोवर मिश्री आहेच! ती भाजलेली तंबाखूच, मंजन नव्हे.)

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सर्वाधिक. म्हणूनच आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी ढिली होते. त्यात दरवेळी बनवणाऱ्याचा दोष नसतो. पूर्ण कवळीने चावण्याचं बळ नैसर्गिक दातांच्या मानाने फारच कमी मिळतं. ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करावी, घास दोन्ही बाजूंनी चावावा; नाहीतर कवळी उचलते. रात्री ती काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकलीत तर आकारच बिघडेल.

एखादाच दात हलत असेल तर तो पडायची वाट पाहू नका. छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे; तिथे जाऊन दाखवा.