स्वयंचलित गिअरपेटीचे तेल : रंग आणि विनिर्देश

बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातून चिल्हार फाट्यामार्गे राष्ट्रीय महामार्ग ४८ कडे जाणाऱ्या मालवाहू पिकअप गाड्यांपैकी बहुतेकांची गिअरपेटी अद्याप हाताने चालवावयाची असते. स्वयंचलित गिअरपेटीची डिझेल पिकअप भारतात सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली ती अलीकडे. इसुझू व्ही-क्रॉसची तशी आवृत्ती २०१९ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये बाजारात उतरली. यामुळे पालघर-बोईसर परिसरात एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे : ‘डिझेल गाडीला कोणते एटीएफ चालेल ?’

प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. इंजिनात डिझेल जळते की पेट्रोल, याचा गिअरपेटीतील तेलास पत्ताही नसतो. त्यास जाणवतो तो टॉर्क आणि जाणवते ती उष्णता. हायलक्सच्या स्वयंचलित आवृत्तीचे इंजिन मिनिटास अवघ्या १६०० फेऱ्यांपासून ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. एवढा भार सहन करावयाचा तो गिअरपेटीतील क्लचच्या पातळ चकत्यांनी, आणि त्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात.

इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणे, दाबाच्या योगे झडपा व क्लच चालविणे, दंतचक्रांस वंगण पुरविणे आणि उष्णता वाहून नेणे ही या तेलाची कामे सर्वपरिचित आहेत. त्यांखेरीज एक काम असे आहे की, ते वंगणाच्या रूढ कल्पनेशी विसंगत वाटते : या तेलाने घर्षण नियंत्रित करावयाचे असते, केवळ कमी करावयाचे नसते. चकत्यांमधील सापेक्ष वेग शून्याकडे जाताना घर्षणगुणांक वाढू लागला, तर चकत्या क्षणात चिकटतात, क्षणात सुटतात, आणि गाडीस कंप सुटतो. वेगाबरोबर घर्षणगुणांक किंचित वाढत जाणे इष्ट होय. हा गुण मूळ तेलात नसतो. तो घर्षण-परिवर्तक रसायनांनी आणावा लागतो, आणि त्यांचे प्रमाण त्या त्या गिअरपेटीच्या चकत्यांच्या अस्तराशी जुळवलेले असते.

याचा इतिहास मनोरंजक आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हा विनिर्देश काढला व १९६७ च्या सुमारास ‘डेक्स्रॉन’ आणले. त्याच काळात फोर्डच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण-परिवर्तक मुद्दामच वगळलेले होते, कारण फोर्डला क्लच झटकन पकडणारा हवा होता. दोन्ही तेले लाल, दोन्हींची श्यानता जवळपास सारखी. तरी एकाच्या जागी दुसरे घातल्यास गाडीचे वर्तन बदलत असे. जनरल मोटर्सच्या तेलांत हे परिवर्तक म्हणून स्पर्म देवमाशाचे तेल वापरीत. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाची गणना संकटग्रस्त जातींत केल्यावर पर्याय शोधणे भाग पडले. तांबडा रंग हा केवळ मिसळलेला रंग असून गळती चटकन ओळखता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. आजही दुकानात ‘लाल तेल’ मागणारा ग्राहक वस्तुतः काहीच मागत नसतो.

श्यानतेचाही विचार करावयास हवा. १९९३ च्या डेक्स्रॉन-३ ची श्यानता १००° से. ला सुमारे ७ सेंटिस्टोक असे. टोयोटाच्या ‘डब्ल्यूएस’सारख्या अलीकडच्या तेलांची ती सुमारे साडेपाच ते सहा असते. ‘उष्ण हवा, जड माल, म्हणून दाट तेल’ हा तर्क येथे लागू पडत नाही, कारण झडपांची छिद्रे आणि दाब पातळ तेलासाठीच बेतलेले असतात.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका पिकअपला मध्यम वेगावर बारीक कंप येत असे. आधी इंजिनाची रबरी बैठक बदलण्यात आली, खर्च झाला, कंप राहिलाच. मागाहून कळले की, गिअरपेटीत ‘सर्व गाड्यांना चालणारे’ तेल भरले होते. तेल बदलले तरी दोष एकदम गेला नाही, हेही स्वाभाविक होते : खालचा बूच उघडल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल आतच राहते. एका वेळी ४० टक्के तेल बदलले जाते असे धरल्यास तीन वेळा बदलूनही जुन्यापैकी सुमारे २२ टक्के शिल्लक उरते.

मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारकडे भार घेऊन चढताना कन्व्हर्टर सतत घसरत राहतो व ती सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. तापमान दर १०° से. ने वाढल्यास ऑक्सिडीकरणाचा वेग अदमासे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. अशा वापराच्या गाडीने ‘तेल आयुष्यभराचे’ या आश्वासनावर विसंबू नये. गाडीच्या पुस्तिकेत जड वापरासाठी तेलबदलाचे वेगळे अंतर दिले असल्यास तेच पाळावे. तेलाच्या डब्यावर पुस्तिकेतील विनिर्देशाचे नाव नेमके छापलेले हवे, आणि ‘मान्यताप्राप्त’ व ‘साठी योग्य’ या दोन शब्दप्रयोगांतील भेद ध्यानी घ्यावा. दुसरा हा केवळ विक्रेत्याचा दावा असतो.

घाट उतरून आलेल्या गाडीची तेलपातळी तत्काळ तपासू नये. दहा लिटर तेल ५०° से. ने तापले तर ते सुमारे ०.३५ ते ०.४ लिटरने फुगते. डिपस्टिक नसलेल्या गिअरपेट्यांत पातळी ही ओसंडणाऱ्या बुचातून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानास पाहावयाची असते. पालघरच्या मे महिन्यातील दुपारी गाडी त्या तापमानापर्यंत निवावयास पुष्कळ वेळ लागतो. म्हणून हे काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, तेल त्या तापमानापर्यंत चढत असतानाच करावे.