बाण आणि रसद

श्रोतेहो, दिवाळीत पोरं बाण उडवतात, तो सूं करून कुठं जाईल याचा नेम नसतो. गोठ्यातलं जनावर मात्र दावं तोडायला बघतं. याच बाणाची थोरली जात एके काळी लढाईत वापरीत. लोखंडी नळी, तिच्यात ठासलेली दारू आणि तिला बांधलेला लांब बांबू, एवढाच त्याचा सांगाडा. आजच्या रॉकेटचा तो पूर्वज.

आता कोणी विचारील, ज्याचा नेम नाही त्या हत्याराचा उपयोग काय? त्याचं उत्तर फौजेच्या पिछाडीला सापडतं. त्या काळी फौजेचं धान्य लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरून येई. घाटाच्या अरुंद वाटेनं शेकडो बैल चालले आहेत आणि मध्येच ठिणग्या ओकीत बाण आला, अशी कल्पना करा. दोन-चार जनावरं पडतात. पण उरलेली उधळतात, गोण्या फेकतात, वाट अडते. दारूच्या गाड्यावर ठिणगी पडली तर विचारायलाच नको. बाण माणसं थोडी मारी, पण शिस्त मोडी. आणि शिस्त मोडली की रसद थांबे.

आपल्या पाटोदा-आष्टीच्या शेजारी, जामखेड तालुक्यात खर्डा गाव आहे. 11 मार्च 1795 रोजी तिथं निजामअली आणि मराठे यांची गाठ पडली. निजामाच्या घोडदळावर रघूजी भोसल्यांनी बाणांचा वर्षाव केला. त्याच वेळी शिंद्यांकडील पेरॉनच्या 35 तोफा सुरू झाल्या. घोडदळ फुटलं. खरा घात झाला तो रात्री. अंधारात गोळीबाराचा आवाज उठला, गोंधळ माजला आणि पळणाऱ्या शिपायांनी आपल्याच फौजेचं सामान लुटलं. तोफा नि सामान मागं टाकून निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. आत पाणी अपुरं, बाहेरून रसद बंद. थोड्याच दिवसांत त्याला तह करावा लागला.

बैलांच्या जागी आता ट्रक आले आणि बाणाला नेम आला. ग्राड नावाची रॉकेटगाडी सुमारे 20 सेकंदांत 40 रॉकेटं सोडते. 2022 साली युक्रेनच्या युद्धात सुमारे 80 किलोमीटर पल्ल्याच्या, नेमक्या जागी पडणाऱ्या रॉकेटांनी रशियाची दारूगोळ्याची कोठारं उडवली. मग रशियाला कोठारं मागं हलवावी लागली. कोठार मागं गेलं की ट्रकची खेप लांबते, आणि तेवढ्याच ट्रकांत रोजचा माल कमी पोचतो. म्हणून अशा युद्धात ट्रक एकमेकांपासून अंतर ठेवून चालवतात, रात्री हाकतात, माल एका जागी साठवीत नाहीत.

मंडळी, लमाण पोटासाठी गोण्या वाही. राज्य कोणाचं, हा त्याचा सवाल नव्हता. पण बाण पहिल्यांदा त्याच्याच बैलांवर येई. शिक्षकबंधूंनी खर्ड्याचा धडा शिकवताना सरदारांच्या नावांबरोबर एवढंही मुलांना विचारावं : या लाखभर माणसांची भाकरी रोज कोण आणीत होतं, आणि वाट तुटल्यावर त्याचं काय झालं असेल?