संचलनाच्या फिल्मचा आवाज

वार्षिक दिनाची फिल्म घरी लावली की रिमोट कुणाच्याच हातून सुटत नाही. बँड वाजू लागला की आवाज कमी करायचा, सहावीचा नवा कॅडेट बोलू लागला की वाढवायचा; तोवर त्याची दोन वाक्ये संपलेली असतात. त्याचे आईवडील मात्र नेमकी तीच ऐकायला बसलेले असतात.

प्रत्येक क्लिप वेगळ्या मोबाइलवर, वेगळ्या अंतरावरून घेतलेली असते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सॉफ्टवेअरच्या मीटरमध्ये ० ही छताची रेघ. तिच्यावर जायला जागाच नाही. लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. चित्रीकरणातच फाटलेला आवाज मागाहून कमी केला तरी फाटकाच राहतो. म्हणून बोलण्याची उंच टोके उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान ठेवावीत.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप निवडून उजवे क्लिक केले की 'नॉर्मलाइझ ऑडिओ लेव्हल्स' मिळते. त्यात 'रिलेटिव्ह' घेतले तर सगळ्या क्लिप सारख्याच मापाने सरकतात, म्हणजे आपसातला फरक तसाच राहतो. आपल्याला हवे 'इंडिपेंडंट'. पण फक्त उंच टोक मोजणारी पद्धत इथे फसवते. बोलण्यामागे कुठे 'सावधान'च्या टाचा आपटल्या, तर सॉफ्टवेअर त्या ठोक्यालाच कमाल धरते आणि बिचारा बोलणारा हळूच राहतो. त्यापेक्षा कानाला एकूण किती मोठे वाटते ते मोजणारी पद्धत निवडा. तिची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस १७७० या शिफारशीत घालून दिली. तिचे एकक एलयूएफएस. युरोपातील दूरचित्रवाणी उणे २३ एलयूएफएस पाळते. मोबाइलवर पाहायच्या फिल्मला ते फार हळू पडते. उणे १६ च्या आसपास बरे.

सगळेच एका रांगेत उभे करू नका, ही काही परेड नव्हे! आधी बोलणे बसवा, बँड त्याहून थोडा वर ठेवा. बोलण्याखाली संगीत असेल तर ते इतके खाली न्या की एकही शब्द झाकला जाणार नाही. स्मारकापुढच्या मौनाची क्लिप मात्र निवडीतून वगळाच. तिथे आवाज वाढवला तर नुसता वारा घोंगावतो.

शेवटी हेडफोन काढून साध्या मोबाइलच्या स्पीकरवर फिल्म पूर्ण ऐका. घरोघरी ती तशीच ऐकली जाणार आहे.