एका पडद्यावर दोन चित्रे
१९७३ साली अमेरिकेत रिचर्ड बेअर यांनी ‘विकेड, विकेड’ नावाचा एक भयपट काढला. कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात सोनेरी केसांच्या बायकांचे खून पडतात, एवढीच कथा. नवल निराळेच! जवळजवळ सबंध चित्रपटभर पडदा उभा दुभागलेला. डावीकडे एक चित्र, उजवीकडे दुसरे. या युक्तीला नाव दिले ‘ड्युओ-व्हिजन’. एका बाजूला बाई निर्धास्त चाललेली, दुसऱ्या बाजूला मारेकरी दबा धरून बसलेला. आता सांगा, बघावे कुठे? डोळे दोन असले तरी नजर एकच ना! शिवाय दाराआड कोण आहे हे आधीच दिसले, की दचकणे संपते. उरते ती घालमेल. बाईला ओरडून सांगावेसे वाटते, आणि सांगता तर येत नाही.