बँडशाळेचा प्रमुख, युद्धाचा सेनापती

रॉयल मरीन्स म्हणजे ब्रिटिश नौदलाचे पायदळ. त्यातले मेजर जनरल जेरेमी मूर (१९२८–२००७) जगाला माहीत झाले ते फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या १९८२च्या युद्धामुळे. पण त्यांची खरी परीक्षा वीस वर्षे आधीच झाली होती.

१९४७मध्ये ते मरीन्समध्ये आले. मलायाच्या जंगलातील लढाईत त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. डिसेंबर १९६२मध्ये ब्रुनेईतील बंडखोरांनी शेजारच्या सारावाकमधील लिंबांग गावात काही जणांना ओलीस धरले होते. तेव्हा कॅप्टन असलेले मूर मरीन्सच्या ‘४२ कमांडो’ या तुकडीच्या एका कंपनीसह नदीतून मालवाहू होड्यांनी पहाटे थेट गावाच्या धक्क्यावर उतरले. ओलीस सुटले, पण पाच मरीन मारले गेले. मूर यांना तोच क्रॉस दुसऱ्यांदा मिळाला.

१९७२मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ४२ कमांडोचे नेतृत्व केल्यानंतर त्यांची पुढची नेमणूक कुठे, तर मरीन्सच्या संगीतशाळेचे प्रमुख म्हणून! लष्करी कारकिर्दीत अशी वळणे असतात. १९७९मध्ये मरीन्सच्या कमांडो दलांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

फॉकलंडमध्ये ते ब्रिटिश भूसेनेचे सेनापती म्हणून मे १९८२च्या अखेरीस पोहोचले. १४ जूनच्या रात्री बेटांची राजधानी स्टॅन्ली येथे अर्जेंटिनाचे जनरल मेनेंडेझ यांनी शरणागतीच्या मसुद्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द खोडला. मूर यांनी तो जाऊ दिला. बेटे हातात आली होती, शब्दावरून कोण भांडणार? पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.